वापरातली विहीर

आत्याबाई, तुम्हाला नेलं त्या दिवशीही पंप चालू होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण भेटायला आलेल्या निम्म्या बायकांनी डोळे पुसून झाल्यावर तेच विचारलं. "आवं, सासू गेली तरी पंप चालूच ठिवला व्हय?" ठेवला. पंप बंद करायचा तर कंपनीला आधी कळवावं लागतं, आणि ऊसतोडीच्या दिवसांत विट्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची जी रांग लागते तिला आपल्या घरात माणूस गेलंय हे कळत नाही. पंपावरची पोरं आळीपाळीनं आली, तुमच्या पायाला हात लावून परत नळी धरायला गेली. तुम्हाला न्यायला आलेल्या गाडीत आधी आपलंच डिझेल भरलं आणि मग तुम्हाला ठेवलं. मी ते बघत उभी होते आणि मला रडू येत नव्हतं. राग येत होता. कुणाचा, ते अजून ठरत नाही.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "राग आला की दोन कळश्या पानी काढावं, उतरतोय."

मी कुपवाडची. बापानं तिथल्या एका कारखान्यात लेथवर उभं राहून जन्म काढला. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. सांगलीला रोज बसनं जाऊन बी.एस्सी. केली, केमिस्ट्री घेऊन. हे मी मिरवते आणि मिरवायला मला लाज वाटत नाही. पण माझ्याहून जास्त ते तुम्ही मिरवलंत. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण पाव्हण्यारावळ्यांत सांगायचात, "आमच्या सुरेखाला पेट्रोलातलं पानी बी दिसतंय आन पान्यातलं पेट्रोल बी." आधी ती थट्टा होती. पुढं तीच आपल्या घरातली सगळ्यात जड गोष्ट झाली.

पंपाची जमीन तुमची. तुमच्या वडलांनी चोळीबांगडीला म्हणून लेकीच्या नावावर केलेली. आजूबाजूला सगळा माळ, पण तुमच्या तुकड्यात विहीर. ती खोदताना तुम्ही परकरात होता, डोक्यावर पाटीनं मुरूम वाहिलात. "त्या हिरीत माझ्या केसांचा तळ हाय," असं म्हणायचात, डोक्याच्या मधोमध केस विरळ झालेली जागा दाखवून. रस्ता रुंद झाला, कंपनीची माणसं रस्त्याकडेची जागा शोधत आली, तेव्हा तुमचा लेक नाही म्हणत होता. तुम्ही हो म्हणालात. जमीन कंपनीला भाड्यानं, पंप चालवायचा आपण. पण अट घातलीत: "क्याबिनीत माझी सून बसंल." गाव हसलं. पारावरून एक जण ओरडला, "पेट्रोल पंपावर बाई बसनार का आता?" तुम्ही जागच्या जागी थांबलात. "का रं? बाईनं घातलेलं पेट्रोल जळत न्हाई व्हय?"

त्या खुर्चीवर मी आजही बसते. माझ्या बापाला कधी बसायला खुर्ची मिळाली नाही. मला ती तुम्ही दिलीत, आणि तिच्यासाठी तुमच्याजवळ होतं ते पणाला लावलंत. त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा लागला.

आर्या झाली तेव्हा सव्वा महिन्यानं तुम्ही मला विहिरीवर नेलंत. काठावरच्या साती आसरांना, पाण्यातल्या देवींना, हळदकुंकू लावलंत, हिरवा खण ठेवलात, माझ्याकडून पाणी पुजून घेतलंत. मला म्हणालात, "तुजं शिक्षान तुज्यापाशी. हिथं वाकायचं." मी वाकले. तुम्ही ओंजळभर पाणी आधी माझ्या आणि मग पोरीच्या ओठाला लावलंत. गार, थोडंसं चुनखडीच्या चवीचं. ती चव मला अजून आठवते, आणि आता ती जगात कुठंच मिळत नाही.

मेंढरांनी ती गोष्ट आधी सांगितली. माणदेशातला बिरू दर साली दिवाळीनंतर कळप घेऊन यायचा आणि पंपाच्या खालच्या आपल्या वावरात मेंढरं बसवायचा. वावराला खत, त्याला चार पायली धान्य आणि विहिरीचं पाणी. त्या वर्षी मी विहिरीच्या हौदाजवळ गेले तर सगळी मेंढरं हौदाभोवती नुसती उभी.

"वैनी, तोंड लावंनात," बिरू म्हणाला.

तुम्ही मागून आलात. "तुजी मेंढरं लय लाडाची झालीत गड्या."

"लाडाची न्हाईत आत्या, तानेली हायत. सकाळधरनं."

पुढचा मेंढा हौदात वाकला, फुरफुरला आणि मागं सरला. बिरूनं ओंजळ भरून नाकाशी नेली, माझ्याकडं बघितलं, पंपाकडं बघितलं आणि ओंजळ सोडून दिली. दुसऱ्या दिवशी त्यानं कळप हलवला. जाताना म्हणाला, "पुढच्या साली बघू." पुढच्या साली तो आला नाही. कधीच आला नाही.

मी वास घेतला होता. तो वास मी रोज घेते, मला ओळखायला वेळ लागत नाही. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही माझे दोन्ही हात धरून नाकाशी नेलेत. "हा बग. वास तुज्या हाताचा हाय. दिसभर पेट्रोलात बसतीस आन वास हिरीला लावतीस." मी साबणानं हात धुतले, लिंबू चोळलं, धुतलेली कळशी घेऊन पाणी काढलं आणि तुमच्यापुढं ठेवलं. "आता?"

"आता तुज्या नाकात बसलाय."

मला तेव्हा वाटलं, म्हातारी ऐकायचीच नाही. पण ऐकलं होतं तुम्ही. कारण आठ-पंधरा दिवसांत तुम्ही माणसं बोलावून विहिरीचा उपसा लावलात. दर वर्षी चैत्रात गाळ काढायला विहीर उपसायचीच आपल्याकडं, पण हा उपसा वेगळा होता. मोटार कमी पडली म्हणून शेजारचं इंजिन आणलंत. तळ उघडा पडेपर्यंत पाणी काढलं, आतला दगडन् दगड घासून घेतला. आत उतरलेला एक गडी "मुंडी गरगरतीया" म्हणत वर आला तेव्हा त्याला ताक पाजलंत, आणि स्वतः काठावर बसून राहिलात, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशा. "तिला येकदा मोकळी हू द्या. समदं जातंय भाईर." नवं पाणी आलं. थोडे दिवस वास कमी वाटला. मग आला तो आधीपेक्षा जास्त. तुम्ही पुन्हा उपसा लावलात. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा.

इकडं मी कंपनीच्या मागं लागले. रोज सकाळी टाकीत गज घालून साठा मोजणारी मी, घनता तपासणारी मी, आणि माझ्याच पायाखालून पेट्रोल जात होतं ते मला मोजमापात दिसलं नव्हतं. उन्हानं थोडं उडून जातंच, तेवढी घट कंपनीनं धरलेलीच असते. गळती त्या घटीच्या पोटात लपून बसली होती. माणसं आली, तपासणी केली, सगळं ठीक म्हणून गेली. मी पुन्हा लिहिलं. दुसऱ्या खेपेला फरशी फोडली, तेव्हा टाकीकडून येणाऱ्या पाइपाचा एक सांधा घामेजल्यासारखा ओला सापडला. सांधा बदलला. गळती थांबली. जे जमिनीत गेलं होतं ते जमिनीतच राहिलं.

आता तुम्हाला एक सांगायचंय, जे तुम्ही असताना मी सांगितलं नाही.

भूजलाचा अभ्यास करणारे एक सर कराडहून पाणी बघायला आले होते. तुम्ही त्यांना जेवायला बसवलंत. मी विचारलं, सर, एवढा उपसा करूनही वास वाढला कसा? त्यांनी ताटातल्या भाताला आळं केलं, आमटी ओतली आणि मधली आमटी चमच्यानं काढत राहिले. कडेची आमटी भातातून झिरपत मधे येत राहिली. "विहीर उपसली की ती चहूबाजूंनी ओढते," ते म्हणाले. "पंपाखालचं पेट्रोल कदाचित तिथंच बसलं असतं बराच काळ. उपशानं ते इकडं ओढलं गेलं असणार."

तुम्ही तेव्हा भाकरी आणायला चुलीपाशी गेला होता. परत आलात आणि विचारलंत, "काय म्हनत्यात सर?"

मी म्हणाले, "आमटी चांगली झालीय म्हणतात."

सरांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून जेवले. तुम्ही विहिरीला वाचवायला जे केलंत त्यानंच ती गेली, हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं? घरातल्या कुणालाच सांगितलं नाही. आजही वाटतं, बरं केलं. आणि आजही ते माझ्या छातीवर दगडासारखं आहे, कारण ते वाटून घ्यायला आता तुम्हीही नाही.

उताराला हौसाकाकूंचं बोअर आहे. तिथंही वास गेला. काकूंनी आरडाओरडा केला नाही, नुसती पाण्याची बाटली आणून आपल्या ओट्यावर ठेवली आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आपण त्यांच्याकडं पाण्याचे जार पोचवायला लागलो. जारचे पैसे पंपाच्या कमाईतून जातात. जार घेऊन येणारा टेम्पो डिझेल आपल्याच पंपावर भरतो. पेट्रोलनं बिघडलेल्या पाण्याच्या बदल्यात चांगलं पाणी द्यायचं, तर आणखी पेट्रोल विकायचं. मी हे कॅबिनीत बसून कितीदा उलटसुलट करून बघितलं, याच्यातून बाहेर पडायला दार सापडत नाही. पंपाशेजारी पंक्चरवाला बसतो, चहाची टपरी आहे, नळी धरणारी पोरं आहेत, त्यांच्यातल्या दोघांची लग्नं या नोकरीवर ठरली. जवळचा पंप बंद झाला तर ट्रॅक्टर लांबच्या पंपाला जातील, पेट्रोल काही जळायचं थांबणार नाही.

तरी एकदा दुपारी मी म्हणाले होते, "बंद करू आत्याबाई. सोडून देऊ हे."

तुम्ही शेंगा फोडत होता. "बंद केला म्हनून हिरीचं पानी गोड हुतंय व्हय?"

"नाही होत."

"कंपनी टाक्या उचलून जाईल. मग काकूच्या दारात जार कोन टाकंल? तुजी पदवी?"

"मग करायचं काय?"

"ऱ्हायाचं," तुम्ही म्हणालात. एवढंच. आणि शेंगा फोडत राहिलात.

आर्यानं बॅटरीची गाडी घेतली तेव्हा ती तुमच्यापुढं मिरवायला आली. "आजी, माझ्या गाडीला तुमच्या पंपाचं काही लागत नाही." तुम्ही म्हणालात, "व्हय का? मग कालिजची फी बी बॅटरीवरच भर." पोरगी आठवडाभर तोंड पाडून होती. तुम्ही गेल्यावर ती गाडी विहिरीपाशी नेऊन लावते आणि तिथं बसून राहते. मी बोलवत नाही.

आपलं शेवटचं भांडण मात्र वेगळं होतं, आणि ते मिटलं नाही. कंपनीचे साहेब आले होते. भाड्याचा करार संपत आलाय, नवा करायचा, पण त्याआधी विहीर बुजवून टाका म्हणाले. "नाहीतरी वापरात नाही. मुरूम टाकून सपाट केलं की प्रश्नच मिटला." जमीन तुमच्या नावावर, म्हणून ते तुमच्याशी बोलत होते. तुम्ही उठलात, रहाटावरून पाणी काढलंत, आपल्या तांब्याच्या तांब्यात ओतलंत आणि त्यांच्यापुढं उभं राहून घटाघटा प्यायलात. "वापरात हाय," म्हणालात, आणि पदरानं तोंड पुसलंत.

साहेब गेल्यावर मी तुमच्यावर ओरडले. इतकी ओरडले की पंपावरची पोरं बघायला लागली. पाणी वाईट आहे हे सिद्ध करायला मी तपासण्या करत फिरते, आणि तुम्ही कंपनीच्या माणसासमोर ते पिऊन दाखवता? उद्या ते लिहितील, मालकीण स्वतः पाणी पितात!

"तुला कळत न्हाई," तुम्ही म्हणालात.

मला? मला कळत नाही? मी ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर आपण कामापुरतंच बोललो. तुम्ही रोज सकाळी कुणीतरी बघत असताना तो तांब्या भरून प्यायलात आणि मी रोज तोंड फिरवलं.

तुम्ही त्या पाण्यानं गेलात असं मी म्हणणार नाही. डॉक्टर वय म्हणाले, लिव्हर म्हणाले. मी केमिस्ट्री शिकले आहे, तपासल्याशिवाय बोलणार नाही, आणि ते कुणी तपासलं नाही. नाही म्हणायलाही पुरावा नाही. हेही एक कुलूपच आहे, आणि किल्ली कुणाजवळ नाही.

शेवटच्या दिवशी दवाखान्यातून घरी आणलं होतं. दुपारची वेळ होती. तुम्ही पाणी मागितलंत. मला ठाऊक होतं तुम्हाला कुठलं लागतं. इतकी वर्षं जारच्या पाण्याला तुम्ही "पिलास्टिकचं पानी" म्हणून हात लावला नाही. मी विहिरीवर गेले, पाणी काढलं, तुमच्याच तांब्यातून चमच्यानं ओठाशी नेलं. म्हटलं, भांडण असू दे, जाताना माणसाच्या तोंडात त्याचं पाणी पडावं. तुम्ही नाक आक्रसलंत. मान फिरवलीत.

"ह्ये नगं," म्हणालात. "जारचं दे."

तुमचा लेक म्हणाला, आईला भ्रम झालाय. मी जारचं पाणी आणलं. तुम्ही दोन चमचे प्यायलात, माझ्याकडं बघितलंत, आणि आत्याबाई, तुम्ही चक्क हसलात. खोडी पकडली गेल्यावर पोर हसतं तसं. मी भांडण जिंकले होते. असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

तेव्हाही मला अर्थ लागला नाही. एवढंच कळलं की तुम्हाला सगळं ठाऊक होतं. वास, चव, सगळं. मग रोजचा तो तांब्या कशासाठी?

तेरावं झालं आणि साहेब आले. हार आणला होता, तो कॅबिनीतल्या तुमच्या फोटोला घातला. चहा घेतला. मग तुमच्या लेकाकडं वळून म्हणाले, "आता पुढचं बघायला हवं. करार नवा करू. विहिरीचं आईंचं मन होतं, समजू शकतो. पण आता तर ती खरंच वापरात नाही. वापरणारंच कुणी राहिलं नाही. पडीक विहीर बुजवायला काय हरकत?"

तेव्हा कळलं. पाणी चांगलं आहे हे तुम्ही कधी सांगतच नव्हता. विहीर चालू आहे, एवढंच सांगत होता. जिचं पाणी माणूस पितो ती विहीर कुणी पडीक म्हणू शकत नाही. ती उघडी असेपर्यंत तिचं पाणी बाटलीत भरता येतं, तपासता येतं, काकूंच्या बोअरला वास कुठून आला ते दाखवता येतं. बुजवली की ना विहीर, ना वास, ना काही झालं होतं याची खूण. सर म्हणाले होते, कधीतरी पाणी आपोआप निवळेलही, पण ते बघायला तोंड उघडं लागतं. ते तोंड तुम्ही तुमच्या तोंडानं उघडं ठेवलं होतंत. आणि मी पदवीधर, तपासणीचे कागद घेऊन तुमच्यावर ओरडत होते.

तुमच्या लेकानं माझ्याकडं बघितलं. "सुरेखा सांगंल तसं," म्हणाला. तो असाच आहे, तुमचाच लाडावलेला. अडचण आली की दार उघडून मला आत ढकलतो आणि बाहेरून कडी लावतो.

नाही म्हणावं तर करार जाईल. पंप गेला की पोरं घरी बसतील, काकूंचे जार थांबतील. हो म्हणावं तर मुरूम टाकायला जेसीबी येईल, आणि तोही डिझेल आपल्याच पंपावर भरेल. मी खुर्चीवर बसले होते. तुम्ही दिलेल्या.

"विहीर वापरात आहे," मी म्हणाले.

साहेब हसले. "कोण वापरतं मॅडम?"

"मी."

मी उठले. ते बघत असतानाच रहाटावर गेले, कळशी सोडली. प्यायले नाही. तेवढी मी शिकलेली आहे, आणि तुमच्याइतकी धीराची नाही. पण खोटंही बोलायचं नव्हतं. ती कळशी आणून मी अंगणात सडा घातला, सगळा, साहेबांच्या गाडीच्या चाकापर्यंत. आसरांवर तेवढं जारचं पाणी घातलं. साहेबांनी घड्याळ बघितलं, वर कळवतो म्हणाले आणि गेले. करार झालेला नाही. मोडलेलाही नाही. ते परत येतील.

तेव्हापासून रोज सकाळी साठा मोजायच्या आधी मी एक कळशी काढते आणि रस्त्यावरच्या लोकांना दिसेल असा सडा घालते. पेट्रोलचा वास उन्हाबरोबर उडून जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. हौसाकाकू लांबून बघतात. काल म्हणाल्या, "सासूवर गेलीस बग." मी कळशी ठेवून पंपाकडं वळले, कारण बोलले असते तर रडले असते, आणि रांगेत ट्रॅक्टर उभे होते.

आत्याबाई, हाताला वास येतो. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही. तुम्ही माझे हात नाकाशी नेऊन म्हणाला होता, हा पंपाचा. आज कुणी तसे नेणारं नाही, म्हणून मीच नेऊन बघितले. हा विहिरीचा आहे.